छत्तीसचा नट आणि पंचवीस सेकंद

जून संपता संपता रुतब येतात. खजुराचं हे अर्धं पिकलेलं रूप: टोकाकडे मऊ, तपकिरी आणि देठाकडे अजून पिवळं, करकरीत. दुबईच्या करामा भागात आमच्या इमारतीखालचा भाजीवाला त्यांच्या चपट्या खोक्यांची चळत दाराशीच लावतो. संध्याकाळी गाडी लावून परत येताना आधी वास येतो, गुळाच्या जवळचा, थोडा मातकट. बायको म्हणते, "घ्या की एक खोका. वर्षातून एकदाच तर येतात." आणि मला राग येतो.

तिला वाटतं, भावावरून येतो. भावावरून मी चिडतोच. बारा दिरहम म्हणजे दीडशे रुपये झाले, एवढ्यात गावाकडे आंब्याची पेटी, ही आमची दर वर्षीची जुगलबंदी आहे. पण हा राग वेगळा. तो एका माणसावरचा आहे. आठ वर्षांपूर्वी, अशाच रुतबाच्या दिवसांत, हा माणूस ऐन खेळात, माझी चाल असताना उठून निघून गेला. मी त्याला माफ केलेलं नाही. म्हणजे या उन्हाळ्यापर्यंत केलेलं नव्हतं.

तेव्हा माझं दुकान शारजाच्या सनैयात होतं. सनैया म्हणजे गॅरेजं, वर्कशॉपं आणि भंगाराची गोदामं यांची वस्ती. दुकान कसलं, एका गाळ्याचा अर्धा भाग आणि त्यावरचा लाकडी पोटमाळा. जुन्या अवजड यंत्रांचे सुटे भाग मी विकायचो: पंप, गिअर, बेअरिंग, बुलडोझरच्या चेनी. इथे आलो तेव्हा डिझेलच्या टबात हेच भाग धुवायचं काम करत होतो. पुढे जे काही झालं ते जिभेच्या जोरावर. माझं शिक्षण दहावी नापास, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याचा शेवटचा भाव ओळखण्यात मला कुणी हरवलेलं नाही. डोकं लवकर तापतं, हे मान्य. पण तापलेल्या डोक्याचाही उपयोग करता येतो. गिऱ्हाईक घाबरून दोन पायऱ्या वर चढतं.

उन्हाळ्यात सगळी सनैया दुपारी एक ते चार मिटलेली असायची. बाहेर पन्नासच्या घरातलं ऊन, हवा ओल्या फडक्यासारखी. कुत्रीसुद्धा ट्रेलरखालून हलायची नाहीत. बायकामुलं तेव्हा गावी. बारा जणांच्या खोलीवर जाऊन घामात लोळण्यापेक्षा मी शटर अर्धं ओढून पोटमाळ्यावर पडायचो. खिडकीतला एसी घरघरायचा आणि त्याचं पाणी दूधपावडरीच्या डब्यात टपटपायचं. अजूनही कुठे एसीचं पाणी डब्यात पडताना ऐकलं की माझ्या हाताच्या बोटांना ग्रीसचा वास येतो.

शेजारच्या गॅरेजात हवालदार शिंगटे फोरमन होते. सातारा जिल्ह्यातले, फौजेतून निवृत्त होऊन आखातात आलेले, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. बुलडोझरची चेन बसवायची तर सनैयात त्यांचंच नाव. रणगाडे आणि चिलखती गाड्यांत हयात गेलेली. बुलडोझर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तोफ नसलेला गरीब भाऊ. खोललेले बोल्ट ते वर्तमानपत्रावर ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं मांडायचे. दुपारी बसल्या बसल्या दहा मिनिटं झोपायचे आणि कुणी न उठवता अकराव्या मिनिटाला डोळे उघडायचे. मला ते 'शेठ' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हा हिशोब मला कधी लागला नाही.

त्या वर्षी मे महिन्यात एक इंग्रज इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला. त्याच्या गॅरेजमधलं सगळं सामान मी उचललं. हत्यारांच्या खाली एक चपटा खोका निघाला. आत घडीचा नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, दोन फासे, इंग्रजीतलं जाडं नियमपुस्तक आणि पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या शेकडो सोंगट्या. प्रत्येकीवर रणगाड्याचं नाहीतर चिलखती गाडीचं चित्र आणि बारीक आकडे. लढाईचा खेळ होता. मी तो कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात हवालदारांनी एक सोंगटी चिमटीत उचलली आणि उजेडाकडे धरली.

"बीएमपी," ते म्हणाले. "शेठ, ह्या मिसाईलवाल्या गाडीत मी अकरा वर्षं बसलोय."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की खोका मी परत बंद केला आणि पोटमाळ्यावर नेऊन ठेवला.

खेळ युरोपातल्या लढाईचा होता. नकाशावर हिरवी जंगलं, नद्या, चर्चवाली गावं. "ह्या हिरवळीत आपण काय लढणार?" हवालदार म्हणाले. आम्ही कॉम्प्रेसरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा फाडून आडवा टाकला आणि नवा नकाशा काढायला घेतला. वाळवंटाचा. सगळी अडचण षटकोनी घरांची. कंपास नाही, पट्टीनं जमेना. मग मी खाली जाऊन छत्तीसच्या पान्याचा एक नट घेऊन आलो. पुठ्ठ्यावर नट ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, नट उचलून शेजारी कड जुळवून ठेवायचा, परत पेन्सिल. चार दुपारी आम्ही आळीपाळीनं हेच केलं. पाचशेच्या वर घरं भरली. शेवटी शेवटी पेन्सिलीचा तो कर्रर्र आवाज आणि एसीचं टपटप यांचा ताल जुळला होता. एवढं एकचित्तानं मी आयुष्यात दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

टेकड्या तपकिरी खडूनं काढल्या, मऊ वाळू पिवळ्यानं. एक घर म्हणजे दोनशे मीटर, असं हवालदारांनी ठरवलं. आणि मग नियमांवर आलो.

पुस्तकातले नियम हवालदारांना पटेनात. ते वाचून दाखवायला मी माझ्या तुटक्या इंग्रजीत सुरुवात केली की दर पानाला ते हात वर करायचे. "थांबा. ह्यांच्या गाड्या बंद कशा पडत नाहीत?" "ह्यात तसं काही लिहिलेलं नाही." "मग खोटं आहे. रणगाडा आधी गरमीशी लढतो, मग दुश्मनाशी. दहा घरं पळाला की फासा टाका. एक पडला तर चेन उतरली." पुस्तकात गाड्या धावायच्या, पण धूळ उडायची नाही. हवालदार म्हणाले, वाळवंटात गाडी दिसायच्या आधी तिची धूळ दिसते, आणि तिच्या मागची गाडी तर दिसतच नाही. मग पॅकिंगच्या फोमचे तुकडे करून आम्ही धावत्या गाड्यांच्या मागे ठेवायला लागलो. दुपारच्या चालींना नेम एकानं कमी, कारण जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं चित्र पाण्यात पडल्यासारखं हलतं. हे सगळं ते शाळेच्या एका दुरेघी वहीत लिहायचे, कानामागची पेन्सिल काढून, सुवाच्य अक्षरात. वहीला रबरबँड.

आता माझी खोड. मला कुठलीही गोष्ट सांगितलेल्या भावात घेता येत नाही. हवालदारांनी नियम सांगितला की मी तो घासायचो. चेन एकाला नाही, एक आणि दोनला उतरली पाहिजे, कारण रणगाडे त्यांचे आणि मिसाईलं माझी. मिसाईलं मी पहिल्या दिवशीच मागून घेतली होती. एक स्वस्त वस्तू लांबून एका महागड्या वस्तूचा चुराडा करते, ही कल्पनाच मला धंदेवाईक म्हणून फार आवडली होती. फौजेत मिसाईल चालवणारे हवालदार; पण रणगाडे त्यांनी एका शब्दानं न कुरकुरता घेतले.

मिसाईलच्या नियमावर मात्र आमची तीन दुपारी जुंपली.

"तीन किलोमीटरवरनं सोडलं तर सहा पडल्यावरच लागलं समजा," हवालदार म्हणाले.

"सहाच? मग मी मिसाईल घेऊच कशाला? तीन, चार, पाच, सहा."

"अहो, हा काय भंगाराचा लिलाव आहे?"

"बरं, तुमचंही राहू द्या, माझंही. चार, पाच, सहा. खलास."

"खरं तसं नसतं हो."

"खरं कसं असतं ते कुवेतच्या लढाईत सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलंय. खिडकीतनं आत जातं."

ते हसले. मग त्यांनी मला तारेवरचं मिसाईल समजावून सांगितलं. सोडल्यावर त्याच्या शेपटीतून केसासारखी बारीक तार सुटत जाते. गाडीतल्या माणसाच्या हातात एक छोटी काठी. डोळा दुर्बिणीला लावायचा, एका नजरेत मिसाईलचा लाल ठिपका आणि दुश्मनाची गाडी दोन्ही धरायची आणि काठीच्या केसाएवढ्या हालचालीनं ठिपका गाडीवर नेऊन ठेवायचा. तीन किलोमीटरला पंचवीस सेकंद. तेवढा वेळ मान हलवायची नाही, पापणी लववायची नाही, कुणी तुमच्यावर गोळे टाकत असलं तरी. त्यांचा उस्ताद पाठीमागे उभा राहून म्हणायचा, "नजर निशाने पर, हाथ ढीला." हे वाक्य ते मऊ आवाजात म्हणाले, जणू उस्ताद अजून मागे उभा होता.

"म्हणून," ते म्हणाले, "मिसाईल सुटलं की लगेच फासा टाकायचा नाही. पंचवीस सेकंद जाऊ द्यायचे. तेवढ्यात रणगाडा एक घर हलेल. मग टाका फासा."

मला हे परवडणारं नव्हतं. एक घर हलला की रणगाडा टेकडीमागे. मी सौदा टाकला. धुळीचा सगळा नियम तुमच्या म्हणण्याप्रमाणे, एक अक्षर बदलणार नाही. बदल्यात हे पंचवीस सेकंद सोडा. चार, पाच, सहा आणि लगेच.  हवालदारांनी कानामागची पेन्सिल काढून लिहून घेतलं. मला केवढा आनंद झाला होता! जे खरं होतं ते मी घासाघीस करून खाली आणलं होतं, आणि त्यालाच मी खेळणं समजत होतो.

जुलै लागला. पेशावरकडचे खानसाब, मोठा ट्रेलर चालवायचे, अल ऐनच्या एका बागेतून येताना रुतबाचं खोकं आणायला लागले. ते नकाशाच्या कडेला मांडी घालून बसायचे आणि दोन्ही बाजूंना सल्ले द्यायचे. "यल्ला, मारो! क्या सोचता है?" हवालदार रुतब खाल्ले की हात फडक्याला पुसल्याशिवाय सोंगटीला शिवायचे नाहीत आणि शिवू द्यायचे नाहीत. तरी एक बीएमपी चिकट झालीच. ती उचलली की खालचं घरसुद्धा उचलल्यासारखं वाटायचं. त्या दुपारींचा उजेड आठवतो. शटरच्या फटीतून आत आलेली एक लांब पट्टी, खाली बेअरिंगांवर पडलेली आणि तिच्यात तरंगणारी धूळ. फोमच्या तुकड्यांपेक्षा ती कितीतरी खरी दिसायची.

एका दुपारी खान नव्हते. मी सहज विचारलं, "हवालदार, तुम्ही एवढी मिसाईलं सोडलीत, मग रणगाडे का घेतले?"

"एवढी?" ते म्हणाले. "शेठ, सरावाच्या मशीनवर हजारो वेळा. पण खरं मिसाईल फार महाग. माझ्या अख्ख्या नोकरीत मला एक मिळालं. एकच."

मग त्यांनी ते सांगितलं. रेंजवर मे महिना. समोर तीन किलोमीटरवर लाकडी चौकट, मागे साहेब लोक खुर्च्या टाकून बसलेले. मिसाईल सुटलं, ठिपका धरला, अगदी बरोबर चालला होता. विसाव्या सेकंदाला हेल्मेटखालून घामाचा एक थेंब निघाला आणि डोळ्यात गेला. पापणी लवली. एकदाच. परत बघितलं तेव्हा ठिपका खाली चालला होता. वाळूत गेला.  साहेबानं एवढंच म्हटलं, "नेक्स्ट." संध्याकाळी हवालदार चालत चालत तिथपर्यंत गेले. तार वाळूवर पडलेली होती. तिचा वीतभर तुकडा त्यांनी बोटाला गुंडाळून आणला.

"पाच सेकंद राहिले होते," ते म्हणाले. "तेव्हापासून एक वाटतं. समोर लाकडाऐवजी खरा रणगाडा असता, तर त्यातल्या माणसानं ते पंचवीस सेकंद काय केलं असतं? म्हणून रणगाडे घेतले." मग त्यांनी एक रुतब उचलला, न खाता परत ठेवला आणि म्हणाले, "हे कुणाला सांगितलेलं नाही."

मी आता लिहितोय त्या वेळी माझ्या टेबलाशेजारच्या खोलीत माझी मुलगी सई कॉम्प्युटरवर रणगाडे चालवते आहे. सोळा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणी काय काय करतात आणि ही कुठल्याशा रशियन चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये सांगते. "बाबा, धिस इज फुल्ली रिअलिस्टिक," ती मला ठणकावते. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून दोष काढतो. हिच्या रणगाड्याची चेन कधी उतरत नाही. आतल्या माणसाला तहान लागत नाही. पन्नास अंशांत लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, ते ह्यात कुठे आहे? सई म्हणते, "देन गो अँड सिट इन अ रिअल टँक, बाबा." तिचंही बरोबर आहे. खरं म्हणजे किती खरं, हे शेवटी खेळणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

ऑगस्टचा पहिला शुक्रवार होता, म्हणजे इकडची सुट्टी. सकाळपासून खेळत होतो. महिनाभर चाललेली लढाई संपत आली होती. हवालदारांचा एकच रणगाडा उरला होता, पंधरा घरांवर, टेकडीच्या ऐन अलीकडे. माझं एक मिसाईल शिल्लक. खानसाब कडेला बसून बी थुंकत होते.

"सोडलं," मी म्हणालो आणि फासा मुठीत घेतला.

"एक घर," हवालदार म्हणाले. "मी एक घर हलतो, शेठ. टेकडीमागं."

"का? नियम ठरलाय. चार, पाच, सहा, लगेच. तुमच्याच अक्षरात आहे."

"ठरलाय. मी कुठं नाही म्हणतो? पण ह्या एका वेळी खऱ्यासारखं होऊ दे. शेवटचीच चाल आहे."

"शेवटच्या चालीला भाव बदलत नसतो, हवालदार. ठरलं ते ठरलं."

"पंचवीस सेकंद, शेठ. एवढेच द्या."

त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. हे मागत होते. आणि माझं डोकं असं आहे की समोरचा मागायला लागला की मला तो वाकलेला दिसतो आणि मी आणखी दाबतो. ते परत म्हणाले, "मी चालवलंय हो ते. मला माहितीये." तिथे माझा तोल गेला. मी त्यांच्याशी नाही बोललो. खानांकडे वळलो आणि मुद्दाम हिंदीत बोललो, खानांना कळावं म्हणून.

"खानसाब, इन्होंने जिंदगी में एक मिसाईल छोडा. एक! वो भी रेत में. और मुझे सिखाते हैं!"

खान हसले नाहीत. हातातला रुतब त्यांनी खाली ठेवला.

हवालदारांनी वही मिटली. रबरबँड लावला. पेन्सिल कानामागे खोचली. पोटमाळ्याची शिडी ते नेहमी उलटे उतरायचे, फौजेतल्या सवयीनं, दोन्ही हात धरून. तसेच उतरायला लागले. एका क्षणी त्यांचं डोकंच फक्त फळीच्या वर होतं आणि डोळे बरोबर नकाशाच्या पातळीवर. रणगाड्यातल्या माणसाला दिसावं तसं त्यांना सगळं दिसत असणार: समोर टेकडी, फोमची धूळ, लांबवर मी. मग तेही खाली गेलं.

मी हाक मारली नाही. ह्याचं कारण सांगतो. बाजारात माणूस उठून जातो तो परत बोलावलं जावं म्हणून. दहा पावलं टाकतो, दारात घुटमळतो. तेव्हा जो हाक मारतो, तो हरला. ह्या एका नियमावर मी अर्ध्या गाळ्याचा अख्खा गाळा केला. म्हणून मी शांतपणे पावलं मोजली. शटरचा आवाज आला. मी खानांना म्हणालो, "देख लेना, कल आएगा." फासा माझ्या मुठीतच होता, घामानं ओला. मी तो टाकलाही नाही. तेवढा मी सच्चा होतो, असं मी स्वतःला पुढे आठ वर्षं सांगत आलो.

शनिवारी ते आले नाहीत. मी पुठ्ठ्यावर प्लास्टिक टाकून ठेवलं, कुठली सोंगटी हलू नये म्हणून. पुढच्या शुक्रवारीही नाहीत. मी शेजारच्या गॅरेजासमोरून दोनदा गेलो, मान वर न करता. महिनाअखेरीला कळलं की ते अबुधाबीला गेले, एका कंपनीच्या वर्कशॉपात. त्या नोकरीचं बोलावणं जूनपासून आलेलं होतं. उन्हाळा संपू दे, म्हणून तेच लांबवत होते.

मी चिडलो. न सांगता गेला! वहीसुद्धा घेऊन गेला, ज्यातले अर्धे नियम माझे होते. घासाघीस म्हणजे फुकटची मेहनत असते का? हे मी बायकोला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. दर वर्षी रुतब आले की गोष्ट पुन्हा सांगायचो आणि दर वर्षी तीत माझी बाजू थोडी आणखी बरोबर व्हायची. हिंदीतलं वाक्य मात्र त्या गोष्टीत कधीच आलं नाही.

तो गाळा सुटला. पोटमाळ्यावरचा एसी एका उन्हाळ्यात डब्याबाहेर गळत राहिला आणि पुठ्ठ्याला बुरशी आली. सोंगट्या फुगून पापडासारख्या झाल्या. आता माझं ऑफिस काचेचं आहे. माणसं आहेत, गाड्या आहेत, दुपारी कुणी शटर ओढत नाही. त्या दिवसांतला एक छत्तीसचा नट तेवढा टेबलावर आहे, कागदांवर ठेवायला. फोनवर कुणाशी भाव करताना तो माझ्या हातात असतो. त्याच्या सहा कडांवरून अंगठा फिरवत राहतो.

या जुलैत एका संध्याकाळी सईच्या मागे उभा होतो. तिनं मिसाईल सोडलं. पडद्यावर एक लाल ठिपका निघाला आणि हळूहळू, डुलत, लांब जायला लागला.

"हे लगेच लागत का नाही गं?"

"बाबा, इट्स वायर-गायडेड. आय हॅव टू होल्ड इट."

"किती वेळ?"

"टिल इट हिट्स. प्लीज, डोन्ट टॉक टू मी नाऊ."

तिची जीभ दातांत होती. माउसवरचा हात अगदी सैल. मी मनात मोजायला लागलो. सतरा, अठरा. समोरचा रणगाडा हलला, धूळ उडाली. बावीस. ठिपका टेकडीच्या माथ्यावर आदळला. रणगाडा पलीकडे.

"नॉट फेअर!" सई ओरडली.

"फेअर आहे," मी म्हणालो.  ती वळून बघायला लागली. मी गॅलरीत गेलो. खाली भाजीवाला खोकी आवरत होता आणि तो वास वरपर्यंत येत होता. मला कुणालातरी ओरडून सांगायचं होतं की हवालदार, तुमचा नियम आला. दूरदेशच्या कुठल्यातरी माणसानं यंत्रात घातला. कुणी घासाघीस केली नाही त्याच्याशी.

खानसाब अजूनही वर्षातून एकदा ऑफिसात खोकं टाकून जातात. दाढी पांढरी झाली आहे. त्या आठवड्यात आले तेव्हा मी त्यांना सईच्या खेळाचं सांगितलं.  मग कुडत्याच्या खिशातून एक झिजलेली डायरी काढून त्यांनी नंबर लिहून दिला. हवालदार दोन वर्षांपूर्वी गावी परतले होते.

"आपके पास नंबर था?" मी म्हणालो. "इतने साल?"

"कब से है," खान म्हणाले. "तुमने पूछा कब?"

शुक्रवारी सकाळी रिकाम्या ऑफिसात बसून मी तो नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. माझी सवय तीन घंट्यांची. उचलला नाही की ठेवून देतो, गरज त्याला. हात रिसीव्हर खाली आणायला शिवशिवत होता. आणला नाही. नट मुठीत धरून बसलो.

"कोण?" आवाज जाड झाला होता.

"मी बोलतोय. शारजावरनं."

पलीकडे शांतता. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कोंबडं ओरडलं. सौद्यात अशी शांतता पडली की जो आधी बोलेल तो हरतो. मी लोकांना पाच-पाच मिनिटं अशा शांततेत उकडत ठेवलं आहे.

"हवालदार," मीच बोललो, "पंचवीस सेकंदांचा नियम मान्य आहे. घासाघीस नाही."

कोंबडं परत ओरडलं. 

"आणि त्या दिवशी खानसाबसमोर मी जे बोललो..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "आधी सांगा, नियम पक्का?"

"पक्का."

"मागनं बदलायचा नाही."

"नाही."

"थांबा मग. वही आणतो."

पावलं लांब गेली. लोखंडी ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग खाली पडल्याचा. पावलं परत आली. रबरबँड बहुतेक तुटला. ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. पानं उलटली. आणि मग, दोन हजार किलोमीटरवरून, मला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. नक्की ऐकू आला.

"लिहिलं," ते म्हणाले. "मग शेठ, माझा रणगाडा एक घर हलला. टेकडीमागं. बघा."

समोर पुठ्ठा नव्हता, टेकडी नव्हती. काचेच्या टेबलावर मी नट ठेवला. मग उचलला आणि कडेला कड जुळवून त्याच्याच रुंदीएवढा पुढे ठेवला.

"गेला," मी म्हणालो. "माझं मिसाईल वाळूत."